कबरी फाटकाबाहेर

“मामा, ते बकरी मांगं घ्या! मॅडमनं मेंढरं सांगितली, बकरी नाई!”

सोलर प्लांटच्या फाटकावर राखणदार गजाननानं काठी आडवी धरली आणि भिवाजीची चौतीस मेंढरं जागीच थबकली. सगळ्यांच्या पुढं कबरी. अंगावर ठिपके, एक शिंग मोडकं, गळ्यात पितळी घंटी. तिनं काठी हुंगली आणि चावायलाच घेतली.

“अबे, इच्याशिवाय ते पाय नाई उचलत,” भिवाजी म्हणाला. “मेंढराले डोस्कं कुठं अस्ते? त्यायचं डोस्कं म्हंजे कबरी.”

“आन् हे डोस्कं प्लेटावर चढलं, तं माही नोकरी गेली समजा!”

ते काही खोटं नव्हतं. मागच्या महिन्यात कोणाची तरी बकरी कुंपणाखालून शिरली, प्लेटावर चढून देवळाच्या कळसासारखी उभी राहिली आणि उतरताना वायर खाऊन गेली. तीन दिवस प्लेटांची अख्खी एक ओळ बंद.

बोरगावच्या वरची ही बरड म्हणजे भिवाजीच्या आज्यापासूनचं चराईचं रान. दोन वर्षांमागं कंपनी आली, कुंपणाची तार पडली आणि शंभरावर मेंढरं होती ती चौतिसावर आली. प्लेटांवर त्याचा राग नव्हता. घरात बल्ब जळतो, त्याची वीज कुठून तरी यायलाच पाहिजे. उन्हातून येत असली तर धुरापेक्षा बरं, एवढं त्याला कळत होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. ऊन तुमचं, कबूल. पण गवत कोणाचं?

कारण तारेच्या आत गवत कमरेएवढं माजलं होतं. त्याची सावली प्लेटांवर पडली की वीज कमी, आणि वाळलं की आगीची भीती. म्हणून कंपनी गवत मारायचं औषध फवारायची. एक दिवस भिवाजी धोतराच्या सोग्यात त्या औषधानं नाल्यात मेलेले खेकडे घेऊन ऑफिसात शिरला आणि नव्या मॅडमच्या टेबलावर त्यानं ते ओतले. प्राजक्ता मॅडम नागपूरची पोरगी. प्लांट पंचवीस वर्षं चालावा आणि जमीन-पाणीही नासू नये, हे बघायला कंपनीनं तिला ठेवलेलं. ती ओरडली नाही. एक खेकडा उचलून तिनं उलटापालटा करून बघितला.

“काका, एक दिवस देते,” ती म्हणाली. “साहेबांना मेंढरांकडून एक ओळ साफ करून दाखवा. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी फवारणीवाले येतील.”

तो दिवस आजचा. आणि आज नाही जमलं, तर त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, सौंसरच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला निरोप धाडून ठेवलेलाच होता. “सारी मेंढरं देऊन टाका,” ती म्हणाली होती, “आन् मंग भिताडाकडं पाहात बसा.”

मॅडम आली. कबरीला बघून तिनं मान हलवली. “काका, बकरी नाही. तेवढं सोडून बोला.”

कबरीला बाहेरच्या बाभळीला बांधलं. भिवाजीनं हाळी दिली, चुचकारलं, शिव्या घातल्या. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून ढिम्म. गजाननानं एक उचलून आत नेलं, तर ते त्याच्याच तंगड्यांतून परत पळालं आणि गडी गवतात आडवा.

“बारा वाजून राहिले तुमच्या डोस्क्याचे!” तो पडल्या पडल्या बोलला.

मॅडमनं घड्याळ बघितलं. “काका, राहू द्या आता. मी साहेबांना सांगते...” पुढचं भिवाजीला कळलं.

तो बाभळीकडं गेला. कबरीपुढं उकिडवा बसला. तिच्या गळ्यातली घंटी सोडली आणि स्वतःच्या गळ्यात बांधली.

“अरे बापा! मामा, काय करून राहिले?”

“तू उगा राय.”

भिवाजी कमरेत वाकला. सत्तरीचा माणूस, पण कबरीची चाल त्याला पाठ. चार पावलं तुरुतुरु, एक झटका, थांबणं, पुन्हा चार पावलं. ठण ठण. म्हाताऱ्या मेंढीनं कान टवकारला. मग एक पाय टाकला. मग साऱ्याच निघाल्या, आडव्या गजाननाला वळसा घालून, घंटीमागं, प्लेटांच्या सावलीत. तो थांबला की चरायच्या, तो हलला की हलायच्या.

थोड्या वेळानं साहेब आले. कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

“हा आवाज कसला?”

“गवत कापणं सुरू आहे, सर,” मॅडम म्हणाली.

चार वाजेपर्यंत ओळ साफ. साहेबांनी तिथूनच फोन लावला. “उद्या फवारणीच्या टाक्या भरू नका. हो, परवाही नको.”

दिवस कलता भिवाजी फाटकाबाहेर आला. कबरीनं त्याच्याकडं पाठ फिरवली. त्यानं घंटी सोडायला गळ्याशी हात नेला, आणि खाली घेतला. उद्या पुन्हा लागणार होती. मेंढरांना एकदा कळलं की घंटी म्हणजे भिवाजी, ते कळलेलंच बरं.

“चाल वं माय,” त्यानं दोरी सोडली.

आयुष्यात पहिल्यांदा कबरी मागं चालली.

घंटी ऐकून वच्छलाबाई सवयीनं भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात आली. रोज पहिला तुकडा कबरीचा. नवऱ्याच्या गळ्याकडं बघत ती उभीच राहिली.

“मेंढरं विकाची नाई ना मंग?”

“नाई.”

तिनं तुकड्याचे दोन केले. एक कबरीच्या तोंडाशी धरला, एक त्याच्या.