राखणीचा वाटा

डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं तिथं कृष्णातला एक गोल, काळं डबकं दिसलं. ते त्याच्या यकृतात होतं म्हणे. कृष्णात टक लावून बघत राहिला. आपल्या पोटात इतकं शांत पाणी असेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"घरी कुत्रं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय की. पाखऱ्या. कारवान जातीचा. शर्यतीत वाऱ्याला मागं टाकतोय."

"कच्चं मटण घालता?"

"कच्चंच की. शिजीवलेल्यानं पळायचं कुत्रं मऊ पडतंय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि सगळं उलगडून सांगितलं. बकऱ्याच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, पाण्याचे फोड दिसतात, त्यात एका जंताचं बी असतं. ते कच्चं काळीज कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या आतड्यात बारीक जंत होतात. कुत्रं धडधाकट दिसतं, पण जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, त्याच्या केसांना, तोंडाला लागतात. तिथून माणसाच्या हाताला आणि हातावरून पोटात. मग वर्षानुवर्षं असं डबकं वाढत बसतं.

कृष्णातनं आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला.

पंचगंगेकाठच्या रानात दरसाल त्यांच्या भावकीची म्हाई, देवीच्या नावाचं मटणाचं जेवण, व्हायची. देवीला बकरं पडायचं आणि पहिला वाटा राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या कुत्र्याचा. तो कच्चा द्यायचा आणि हातानंच द्यायचा, ही रीत. भावकी मोठी हुशार. ज्या काळजावर फोड आलेत ते हंड्यात नको म्हणून तेच राखणदाराला. मानही दिला आणि घाणही गेली. कृष्णातनं लहानपणापासून घरच्या प्रत्येक कुत्र्याला हा मान दिला होता. वाटा खाऊन झाला की पाखऱ्या त्याचं सगळं तोंड चाटायचा आणि मग दोघं शेजारी शेजारी जेवायला बसायचे.

वैजयंतानं, त्याच्या बायकोनं, हे ऐकलं आणि ती एवढंच बोलली. "म्हाई हुदे. मग माजा भाऊ टेंपो घिऊन यील आनि कुत्रं कागलला माज्या म्हायेरी जाईल." जीव तिचाच टांगणीला लागला होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतरचे दिवस तो ग्लानीतच होता. दुपारचं ऊन वॉर्डाच्या फरशीवर सरकायचं आणि त्याला रंकाळ्याचं पाणी दिसायचं. पाखऱ्या त्या पाण्यावरून चालत यायचा, बुडायचा नाही. त्याच्या जिभेवरून एकेक थेंब गळायचा, थेंबाभोवती वर्तुळ उमटायचं आणि प्रत्येक वर्तुळात एक छोटा कृष्णात हात पुढं करून बसलेला असायचा. हातात काळीज. "नगं, मागं फिर," असं त्याला ओरडायचं असायचं. पण कुत्रं बिचारं बोलावल्यासारखं येत राहायचं, कारण हात पुढंच होता. तो काही केल्या मागं घेता येत नव्हता. जाग आली की उशी ओली असायची.

तो घरी नव्हता तेव्हा कुत्र्याला घालायचं वैजयंताच्याच गळ्यात पडलं. जनावरांच्या डॉक्टरनं दिलेली जंताची गोळी ती भाकरीच्या गोळ्यात दडवून, शिव्या देत देत घालायची. पाखऱ्या शिव्यांसकट खायचा.

म्हाईच्या दिवशी रानात चुलाण पेटलं. आकाराम, कृष्णातचा थोरला चुलतभाऊ, त्यानं बकऱ्याचं काळीज वर उचललं. त्याच्यावर पांढुरके फोड होते.

"धर कृष्णात. राखणदाराचा वाटा. तुज्याच हातानं हुदे, शेवटचाच हाय."

कृष्णातनं ते हातात घेतलं. पाखऱ्या समोर येऊन बसला. बांधाकडेला टेंपो उभा होता. वैजयंताचा भाऊ हसत म्हणाला, "पावणं, उरलंसुरलं कच्चं बांधून द्या की. आमची पोरं घालतील त्येला. कुत्र्याचा लई नाद हाय पोरांना."

कृष्णातला उन्हात एकदम ते पाणी दिसलं. वर्तुळं होती, पण हात पुढं करून बसलेली पोरं कागलची होती.

त्यानं हात वळवला आणि काळीज चुलाणात टाकलं. निखारे चरचरले.

"अरं, देवीचा मान जाळलास की," आकाराम म्हणाला.

"मान न्हाय दादा, रोग जाळला. मान देतोय की."

मीठमसाला पडायच्या आधी त्यानं हंड्यातून उकडलेला चांगला तुकडा काढला, निवू दिला आणि ताटलीत घालून जमिनीवर ठेवला. पाखऱ्यानं ताटलीकडं बघितलं, मग हाताकडं बघितलं. वाटा हातातनं यायचा, हे त्याला ठाऊक होतं. बराच वेळ थांबून त्यानं खाल्लं. मग नेहमीसारखा उठून कृष्णातच्या खांद्यावर पाय ठेवायला आला.

कृष्णातनं तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा. कुत्रं अधांतरी पाय धरून क्षणभर तसंच उभं राहिलं आणि खाली बसलं.

वैजयंता हे सगळं बघत होती. ती भावाला म्हणाली, "दादा, टेंपो रिकामाच ने." मग तांब्या आणि साबण घेऊन नवऱ्यापाशी आली. "धुवा हात. रोज असंच धुवाय लागंल. गोळी मी घालीन."

तो धूत राहिला. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिला, कारण मान वर केली असती तर भावकीला त्याचे डोळे दिसले असते.

पाखऱ्या अजून रान राखतो. ताटलीत खातो, हाक मारली की येतो आणि हातभर अंतरावर बसतो. कृष्णात बरा आहे. फक्त जेवायला बसला की अजून त्याचा हात गालाकडं जातो आणि गाल कोरडाच असतो.