काळ्या दारातलं आभाळ

अमरावती रोडवरचा पहिला ट्रक गडगडत जाण्याआधी वाडीला थोडा वेळ असा मिळतो, की धूळसुद्धा दवानं जड होऊन जमिनीला बिलगून निजलेली असते. चंद्रभानला नेमका तोच वेळ लागायचा. मोटारीला पॉलिश करणाऱ्याचा धुळीएवढा वैरी दुसरा नाही. मेणाच्या ओल्या थरावर एक कण येऊन बसला, की फडक्याखाली फिरत फिरत तो कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा ओढून ठेवतो. म्हणून त्याची बायको गोपिका उठल्याबरोबर सडा टाकायची तो दारापुरता नाही, तर मोटारीच्या भोवतीनं, पार निंबाच्या बुडापर्यंत. ओल्या मातीचा वास उठायचा आणि अंगण जरा वेळ तळ्याकाठासारखं वाटायचं.

आज निंबाखाली धरमपेठेतल्या भैय्याजींची काळी अ‍ॅम्बेसेडर उभी होती. त्यांच्या मुलाची वरात तिच्यातून निघायची होती आणि दुपारी ड्रायव्हर ती न्यायला येणार होता. चंद्रभाननं काल गाडी धुतली, चाकांजवळचं डांबर घासलेटच्या बोळ्यानं सोडवलं, घासायचं कंपाउंड लावून वरचा मेलेला रंग उतरवला. संध्याकाळी ती गाडी पाटीसारखी काळी आणि मुकी दिसत होती. आज मेण लावायचं. मेण लागलं की गाडी बोलते, असं तो म्हणायचा.

गोपिका उंबऱ्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर त्यांची लेक कुंदा. लेकराला सहावा महिना सरत आला होता. टाळूवर तेल, कपाळाच्या कडेला तीट, मनगटात काळे मणी. डोळे तर असे, की बघणारानं म्हणावं, केवढे हे डोळे! पण ते कशावर थांबत नसत. विहिरीत सोडलेल्या दिव्यासारखे ते नुसते हलत राहायचे, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

ही गोष्ट गोपिकेनं कोणाला सांगितली नव्हती. सांगितली तर ती खरी होऊन बसेल, असं तिला वाटायचं.

घरात बाकी कोणाला शंकाच नव्हती. तिची सासू, रुखमाबाई, जिला ती आत्याबाई म्हणायची, येणाऱ्या जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "आमची कुंदा भल्ली हुशार हाये, मांजर चाललं तरी वळून पाह्यते!" आणि वळायची ती खरीच. खुळखुळ्याला वळायची, बांगड्यांना वळायची, ट्रकच्या भोंग्याला तर अख्खं अंग वळवायची. या अंगणात आवाज नसलेली वस्तू होती तरी कोणती? पण दुपारी सगळी निजली, की गोपिका बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची, श्वास धरायची आणि लाल झबलं कुंदाच्या डोळ्यांपुढून हळूच न्यायची. झबलं जायचं. डोळे आपल्या वाटेनं भटकत राहायचे.

लेकराला आरसा दाखवून बघावा, असं फार मनात यायचं. आपल्यासारखंच कोणी समोर हललं, चमकलं, तर थांबेल नजर. पण कुंदा झाली त्याच दिवशी रुखमाबाईनं भिंतीवरचा आरसा उतरवून पेटीत लुगड्यांच्या खाली घातला होता. दात येईस्तोवर लेकराला आरसा दाखवायचा नाही, दाखवला तर दात अडतात आणि जीभ जड होते. "मोटारीच्या आरशापासूनही दूर ठेवजो वं तिले," तिनं बजावलं होतं. तेव्हापासून चंद्रभान दाढीला गोदामाजवळच्या न्हाव्याकडे जायचा, आणि गोपिकेनं कित्येक दिवसांत स्वतःचं तोंड बघितलं नव्हतं. पाजतानासुद्धा नजर लागू नये म्हणून लेकरू पदराखाली. मायलेकी एकमेकींच्या इतक्या जवळ, आणि मध्ये सदा एक कापड.

चंद्रभाननं मेणाचा डबा उघडला. गोडसर, रॉकेल मिसळल्यासारखा वास दवात पसरला. दोन बोटांवर फडकं गुंडाळून त्यानं मोटारीच्या बॉनेटवर पातळ थर दिला, तो वाळून धुरकट झाला, मग कोरड्या फडक्यानं पुसायला लागला. किर्र, किर्र. साफ रंगावर फडकं असंच वाजतं.

कुंदा वळली.

"पाह्य वं," तो हसून म्हणाला, "बापाच्या हाताकडंच पाहून राहिली. हे पोरगी नाव काढते माहं. पहिली बाई पॉलिशवाली!"

"मंग भैय्याजी मोटार देतीन का तिले?"

"काहून नाई देतीन? बापापेक्षा हात हलका राहीन तिचा."

एरवी गोपिका यावर हसली असती. पण सकाळ इतकी गप्प होती, आणि तिच्या मनात ते ओझं इतकं काठोकाठ आलं होतं, की तोंडातून निघूनच गेलं.

"जरा थांबा."

"काहून?"

"हात थांबवा. आता वाजू देऊ नका. नुसता हलवा, असा, हवेत."

"नाटक करून दाखवू का तिले?"

"दाखवा ना."

त्यानं फडकं हवेत फिरवलं. मोठं, पांढरं फडकं, डावीकडून उजवीकडे, मग तिच्या पुढ्यात येऊन, वर, खाली. आधी हसत. मग हसणं ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून उतरलं. कुंदा निंबाकडे तोंड करून, कुठंच न बघता, मूठ चोखत होती.

"कवापासून हे?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून."

"आन् मले सांगतलं नाई?"

"काय सांगू? मलेच पटवून घ्यायचं नव्हतं."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मेणानं माखलेल्या हातानं लेकराला शिवू नये, म्हणून हात मागं धरून बसला. रस्त्यावरून पहिला ट्रक गेला आणि कुंदा झटकन तिकडे वळली. ते वळणं आता दोघांनाही बघवेना.

मग चंद्रभान उठला. हात धुतले, खोलीत जाऊन गोपिकेच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आला. काठ काढून टाकलेला, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. असं फडकं तो शेवटच्या हातासाठी ठेवायचा.

"काय करून राहिले?"

"मागचं दार."

"आरसा दाखवाले आत्याबाई नाही म्हणते, माहीत हाये ना?"

"आरसा कुठी दाखवून राहिलो? मोटार दाखवतो. मोटार दाखवू नाही असं कोणत्या पोथीत हाये?"

बाकी गाडी तशीच धुरकट सोडून तो त्या एका दाराला भिडला. मेणाचा पातळ थर, वाळू द्यायचा, पुसायचा. पुन्हा थर. हात गोल नाही फिरवायचा, सरळ न्यायचा, वारा वाहतो तसा. मधून मधून तो दारावर श्वास सोडायचा. वाफ बसायची आणि काठाकाठानं आत आत विरत जायची. वाफ लवकर विरली म्हणजे काम जमलं. गोपिका बघत राहिली. आधी दारात नुसता उजेड आला. मग त्या उजेडाच्या आत निंब उतरला, पान न् पान, जरासा वाकडा, पाण्याखाली उभा असल्यासारखा. मग आभाळ आलं. रस्त्यावरचा ट्रक दाराच्या एका कडेनं शिरला, तर तोही तिथे आवाज न करता चालला, लांबट होत, कापसाच्या पेळूसारखा ओढला जात, आणि दुसऱ्या कडेनं निघून गेला. वाटलं, की या दाराच्या आत आणखी एक वाडी आहे, तिथे धूळ नाही, घाई नाही, आणि कोणी कोणाला काही विचारत नाही.

त्या वाडीत एक बाई लेकरू घेऊन चालत आली. वाळलेली, डोळ्यांखाली काळी. गोपिकेला क्षणभर कळलंच नाही, की ही आपणच.

तिनं कुंदाला दारापुढे धरलं, हातभर अंतरावर. डोळे भटकत होते. थोडं जवळ नेलं. नाही. वीतभर. तरीही नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता. नाही पाहवत मले."

"अजून जवळ ने."

"भिडलीच हाये ना!"

"दार काही चावत नाई. ने."

कुंदाचं नाक दाराला टेकलं. पत्रा गार लागला असावा, तिनं अंग चोरलं. आणि मग ती थांबली. मूठ तोंडातून बाहेर आली. ते दोन मोठे भटके डोळे आधी एकमेकांशी जुळले, मग समोरच्या दोन डोळ्यांवर टेकले, आणि तिथेच राहिले. गोपिकेनं तिचं तोंड केसभर डावीकडे वळवलं. डोळे उजवीकडे सरकले. सोडून दिलेल्या सोबत्याला शोधावं तसे.

कुठे काही वाजलं नव्हतं.

कुंदा हसली. जीभ बाहेर काढून तिनं दार चाटलं, सगळी लाळ त्या आरशावर पसरली आणि समोरचं लेकरू विरघळलं. तिनं खालचा ओठ काढला.

एरवी गिऱ्हाइकाच्या बोटाचा ठसा उमटला, तरी चंद्रभान दिवसभर बोलायचा. आज त्यानं घाईघाईनं श्वास सोडला, लाळ पुसली, म्हणाला, "हे पाह्य, आलं पुन्हा. दाखव तिले, दाखव."

तेवढ्यात नळावरून पाण्याचा गुंड घेऊन रुखमाबाई आली आणि ओरडलीच, "अवो, थोबाड दाखवून राहिले का लेकराले!"

"आरसा नाही, माय. मोटार हाये."

"मले शिकवू नको. थोबाड दिसते तो आरसाच."

"माय," चंद्रभान म्हणाला, "तिले दुरून दिसत नाई."

रुखमाबाईच्या कडेवरचा गुंड कलला. पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं, तरी तिला कळलं नाही. "काहीच्या बाही बोलू नको. येवढी वळून वळून पाह्यते..."

"आवाजाले वळते, आत्याबाई."

रुखमाबाईनं गुंड खाली ठेवला. सुनेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "म्हंजे काहीच नाई दिसत?"

"जवळून दिसते. लय जवळून. आजच कळलं. मोठ्या डॉक्टरकडे नेतो मी, दुपारी गाडी गेली की."

"मंग तुम्ही दुरून काहून दाखवून राहिले तिले, गाढवांनो! आन इकडं."

तिनं लेकरू ओढूनच घेतलं आणि स्वतःचं सुरकुतलेलं तोंड त्याच्या तोंडाला असं नेऊन भिडवलं, की दोघींची नाकं एक झाली. कुंदानं आजीच्या गालावरच्या चामखिळीला बोट लावलं, मग धरून ओढलं. रुखमाबाई "अवो माय" म्हणून हसत होती आणि हसता हसता तिचे डोळे गळत होते. दाताचं, जिभेचं, कशाचंच तिला भान नव्हतं.

गोपिका बाजूला उभी होती. आतापर्यंतचा धीर आता पुरेना. दारातलं लेकरू दिसलं, आजी दिसली. आपण? आपण दिसू का तिला? एवढं साधं, पण तिला हात पुढे करवेना.

"घे ना वं," रुखमाबाईच म्हणाली. "तुहीच तं पोरगी हाये."

गोपिकेनं कुंदाला घेतलं. बांगड्या वर सारल्या. पदर मागं टाकला. चार बोटांचं अंतर, तीन बोटांचं. चंद्रभान पुन्हा पुसायला लागला होता, त्यानं फडकं पत्र्यापासून उचललं आणि तसंच हवेत धरून उभा राहिला. लेकराच्या श्वासाला दुधाचा आणि जरासा मेणाचा वास होता. डोळे हलले, गोपिकेच्या गालावरून पाण्यासारखे वाहून गेले, परत फिरले.

"कुंदे" असं अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. हाक मारली असती, तर लेक आवाजाला वळली असती.

डोळे तिच्या डोळ्यांशी आले आणि टेकले.