दर्यान नाही, दर्यावर

सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये अंधेरीच्या त्या शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी छडी बंद केली. नुसती सूचना काढून थांबल्या नाहीत. कुंडलिक शिपायाला वर्गावर्गात पाठवून त्यांनी सगळ्या छड्या गोळा करायला लावल्या. कुंडलिक त्या काखेत मारून जिना उतरायला लागला तेव्हा वरच्या मजल्यावरची पोरं कठड्याला लोंबकळून बघत होती, आणि एकाही मास्तरला त्यांना आत हाकलायचं सुचलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत मग आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आता पोरं डोक्यावर मिऱ्या वाटणार, असं गणिताचे सर म्हणाले. आम्ही मार खाल्ला म्हणून चार अक्षरं शिकलो, असं ज्याला त्याला आठवायला लागलं. जो तो आपापल्या लहानपणच्या सगळ्यात मारकुट्या मास्तरांची आठवण डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. आपल्या लोकांची ही एक गंमतच आहे. ज्यानं समजावून सांगितलं त्याचं नाव कुणाला आठवत नाही, ज्यानं सोलून काढलं त्याला मात्र जन्मभर नमस्कार.

धुरीबाई या गप्पांत नव्हत्या. वनमाला धुरी, मूळच्या मालवणकडच्या, पाचवीला मराठी शिकवायच्या, नोकरीची तेवीस वर्षं झालेली. कुंडलिकनं त्यांची छडी कपाटाच्या मागून ओढून काढली तर तिला कोळिष्टकं लागलेली. ‘बाई, ही तर कित्येक वर्षांत हलली नाय,’ असं तो म्हणाला, आणि बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. बाई मऊ पडल्या, असं मागून सगळे म्हणायचे. एके काळी धुरीबाईंचा वर्ग म्हणजे टाचणी पडली तर ऐकू यावी. आता त्या कुणाला ओरडायच्या आधीसुद्धा दोनदा विचारून घ्यायच्या. आणि पेपरावर वडिलांची सही आण, असं तर त्या चुकूनही म्हणायच्या नाहीत. घरात कुणाचीही आण, म्हणायच्या.

यामागे बारा वर्षांपूर्वीचा एक दिवस होता. तो त्यांनी कुणाला, अगदी घरीसुद्धा, सांगितला नव्हता. आषाढ लागला की मात्र तो आपणहून यायचा. हजेरी घेताना ‘द’वरून सुरू होणाऱ्या नावांपाशी आल्या की त्यांचा आवाज अडखळायचा. वर्ग रिकामा झाल्यावर तिसऱ्या बाकाकडे बघायचं त्या टाळायच्या. तिथं कुणी बसलेलं नसायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी पाठ फिरवली की मागून तो एक शब्द ऐकू यायचा, हळू, अगदी नम्रपणे म्हटलेला. दर्यान.

तेव्हा पहिल्या चाचणीचे पेपर त्यांनी सहीसाठी घरी दिले होते. सगळ्यांचे आले, वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या द्रौपदीचा आला नाही. तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी बाईंनी तिला पुढं बोलावलं. सही का नाही म्हणून विचारलं तर पोरगी म्हणाली, ‘बापूस दर्यान गेलाय.’

बाईंनी आधी भाषा सुधारली. ‘दर्यान नाही, दर्यावर म्हणावं.’

‘दर्यावर नाय बाई. दर्यान.’

वर्ग हसला. बाईंना वाटलं, ही उलट बोलते. आणि तिथंच त्यांचं शहाणपण आडवं आलं. दुसरी कुणी पुण्याकडची बाई असती तर तिला फरक कळला नसता आणि तिनं पोरीला चार दिवसांची सूट देऊन टाकली असती. धुरीबाई समुद्राकाठच्या. त्यांना सगळं ठाऊक. त्या म्हणाल्या, मी मालवणची आहे, मला शिकवू नकोस. आषाढात होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी घरात असतात. नारळी पौर्णिमेच्या आधी कुणाचा बाप दर्यावर जातो गं? खोटं बोलतेस. तुझा बाप घरीच आहे.

हात पुढं करायला लावून त्यांनी चार छड्या मारल्या. पोरगी रडली नाही. उलट चौथ्या छडीला तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, हसली म्हणा ना. मार खाताना हसते, म्हणून बाईंनी आणखी दोन दिल्या. दुपारी शाळा सुटायच्या आतच पोरगी दप्तर टाकून पळून गेली.

ती पुन्हा आली नाही. आठवड्यानं बाईंनी सहज चौकशी केली तेव्हा कुंडलिकनं सांगितलं. वादळात कुणाची तरी होडी दावं तोडून सुटली होती, ती ओढून आणायला तिघे पाण्यात उतरले. दोघे परत आले. द्रौपदीचा बाप, बळवंत, तो आलाच नाही, मुडदाही मिळाला नाही. तो दर्यावर गेला नव्हता, दर्यात गेला होता. त्यांच्या बोलीत ‘दर्यान’ म्हणजे दर्यात. पोरीनं अगदी नेमका शब्द वापरला होता, आणि बाईंनी तो चूक ठरवून तिला मारलं होतं.

तेव्हाच उठून वेसाव्याला जायला हवं होतं. बस शाळेच्या दारातून जायची. बाई गेल्या नाहीत. जाऊन काय सांगणार, असं पहिल्या आठवड्यात वाटलं, आता कुठल्या तोंडानं जाणार, असं दुसऱ्या महिन्यात वाटलं, आणि मग बारा वर्षं गेली. लाज अशीच असते, जितकी जुनी होते तितकी जड होते.

तर यंदाच्या आषाढात, छड्या गोळा होऊन महिना उलटला होता, तेव्हा मधल्या सुट्टीत कुंडलिकनं येऊन सांगितलं की बाहेर कुणी बाई भेटायला आली आहे. धुरीबाई जिन्यात आल्या. खाली एक तरुण कोळीण उभी होती, डोक्यात अबोलीचा वळेसर, अंगावर कडक धुतलेलं लुगडं. तिनं नाव सांगायच्या आधीच बाईंचे पाय जिन्यातच थांबले.

द्रौपदीनं वाकून नमस्कार केला. बाईंना तिला थांबवताही आलं नाही. ती भडाभडा बोलत सुटली. आपण अंधेरीच्या बाजारात बसतो, लगीन झालं, पोरगी झाली, पोरीला शाळेत घालणार, घालणार तर तुमच्याच शाळेत. तुम्ही शिकवलेलं वाचायला येतं म्हणून गल्लीतल्या बायका पत्रं माझ्याकडूनच वाचून घेतात. बाईंनी अक्षर वळवलं म्हणून, बाईंनी शिस्त लावली म्हणून, असं ती चारदा म्हणाली.

शेवटी त्यांना राहवलं नाही. ‘द्रौपदी, तुला त्या दिवशी मी मारलं होतं. आठवतं?’

‘आठवतं ना. सही नव्हती ना पेपरावर, मग मारणारच. त्यासाठीच आले मी, बाई. म्हणजे मारलं त्यासाठी नाय. तुमी बोललाव त्यासाठी.’

मग तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी दुपारी गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका तिच्या आईपाशी, पुतळाबाईंपाशी जमल्या होत्या. चार दिवस झाले, आता आशा नाही, हातातल्या बांगड्या उतरव, असं त्या समजावत होत्या. पुतळाबाईंनी हात पुढं केलाही होता. तेवढ्यात द्रौपदी धावत आली आणि ओरडली की बापूस घरी हाय, बाई बोलल्या, बापूस दर्यान गेलाच नाय. ‘तुमी बोललाव तवा मना केवढा आनंद झाला, बाई. मी हसलेच. बाई कवा खोटं बोलतात का?’ पुतळाबाईंनी हात मागं घेतला. बायकांना सांगितलं की शाळेतल्या बाई बोलल्यात. आत जाऊन बघितलं, माळ्यावर बघितलं, मग किनाऱ्यावर गेल्या. आणि तेव्हापासून त्या वाट बघत होत्या.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. पोरं त्यांच्या बाजूनं धावत होती, कुणाचा तरी डबा सांडला होता, त्यांना काही दिसत नव्हतं. तो उजळलेला चेहरा त्यांनी बारा वर्षं दर आषाढात बघितला होता आणि बारा वर्षं त्याचा अर्थ उद्धटपणा असा लावला होता. त्या उद्धटपणाबद्दल मनातल्या मनात त्यांनी तिला माफही करून टाकलं होतं. स्वतःचीच त्यांना शिसारी आली.

द्रौपदीचं काम वेगळंच होतं. गेलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग त्याचं क्रियाकर्म करतात. बारा वर्षं या आठवड्यात भरत होती. भटजी तयार होता, भाऊबंद तयार होते, पुतळाबाई तयार नव्हत्या. बाईंनी सांगितलंय, हे एकच धरून बसल्या होत्या. आणि गेल्या अमावास्येला त्या कंबरभर पाण्यात चालत गेल्या, कारण त्यांना हाक ऐकू आली. दोघा गड्यांनी ओढून आणलं म्हणून वाचल्या.

‘आमचं कुणाचं ऐकत नाय ती,’ द्रौपदी म्हणाली. ‘तुमी चला, बाई. तुमचं ऐकेल. नायतर ती बी जाईल.’

बाईंनी मोठ्या बाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारल्यावर पालकांना भेटायचंय, इतकंच सांगितलं. मोठ्या बाईंना ते आवडलं. मारण्यापेक्षा पालकांशी बोलणं चांगलं, नवी पद्धत तीच, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. धुरीबाईंच्या मनात आलं, तुम्ही छड्या गोळा केल्यात हे फार बरं केलंत, पण माझी जीभ कुठं जमा करू? त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि निघाल्या.

वेसाव्यात त्या कधी आल्या नव्हत्या. बसमधून उतरल्यावर एवढ्या मोठ्या वाऱ्याची त्यांना सवय राहिली नव्हती, पदर सांभाळता सांभाळेना. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. बरोबर त्यांनी तेव्हा सांगितलं होतं तशाच. गल्ली अरुंद, घरांचे उंबरे ओले. द्रौपदी पुढं चालत होती आणि भेटेल त्याला सांगत होती, आमच्या बाई, शाळेतल्या. माणसं बाजूला होऊन नमस्कार करत होती. एका म्हाताऱ्यानं तर तोंडातली विडी विझवली.

पुतळाबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, पण दिसायला सत्तरीची. शेजारी एक ताट वाढून झाकून ठेवलं होतं, ते कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. बाई आलेल्या कळताच त्या धडपडत उठायला लागल्या. पाट द्या, चहा टाका, असं म्हणायला लागल्या. बाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि आपण पाटावर न बसता त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

बसमध्ये त्यांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

‘पुतळाबाई, मी चुकले,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचे यजमान घरी आहेत, हे मी ठाऊक नसताना बोलले. मला काहीच ठाऊक नव्हतं. ते दर्यात गेले. तुमची मुलगी खरं सांगत होती.’

पुतळाबाईंनी मुलीकडे बघितलं, मग परत बाईंकडे. दारात गल्ली गोळा झाली होती.

‘तवा चुकलाव,’ पुतळाबाई म्हणाल्या. ‘मग आता बरोबर कशावरून?’

खोटं उत्तर द्यायचं नाही एवढं तरी बाई शिकल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही. शिकवणाऱ्या बाईला रडताना त्या घरात कुणी बघितलेलं नव्हतं. पुतळाबाई त्यांच्याकडे एकटक बघत राहिल्या, आणि त्या बघण्यातच त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

त्यांनी डावा हात उचलून बाईंच्या मांडीवर ठेवला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. उजवा हात मोकळा होता.

‘उजव्या हातातल्या लगनात दर्याला देतात आमच्यात,’ पुतळाबाई म्हणाल्या. ‘त्यानं आमचा माणूस सांभाळावा म्हणून. ह्या तुमी राखल्याव. तुमीच उतरवा.’

द्रौपदीनं पुढं व्हायला बघितलं, आईनं तिला डोळ्यानंच थांबवलं. बाईंनी तो हात धरला. मासळीच्या पाट्या उचलून उचलून तळवा घट्ट झाला होता, बांगड्या सहजी निघेनात. कुणीतरी खोबरेल आणून दिलं. बाईंनी बोटं जुळवून, हाडाला कळ लागू नये असं दाबून, एकेक बांगडी काढली. शेवटची निघाली तेव्हा मनगटावर गोरा पट्टा उरला होता, आणि दारातली एक बाई आत येऊन झाकलेलं ताट उचलून घेऊन गेली.

संपलं, असं बाईंना वाटलं. आपल्या हातून व्हायचं होतं ते झालं, आता उठावं. तेवढ्यात पुतळाबाई तेलकट मनगट चोळत म्हणाल्या, ‘पोर खरं बोलत होती ना?’

‘होय.’

‘मग मारलाव कशाला तिला?’

द्रौपदी लगबगीनं म्हणाली, जाऊ दे गं आई, बाईंनी माझ्या भल्यासाठीच मारलं. पण पुतळाबाईंना मुलीकडून उत्तर नको होतं. बारा वर्षांत, किंबहुना तेवीस वर्षांत, हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. ज्यांना त्यांनी मारलं होतं त्यांनी येऊन पायच धरले होते.

‘मला वाटलं, मला ठाऊक आहे,’ बाई म्हणाल्या.

पुतळाबाईंनी हळूहळू मान हलवली.

‘मना बी तसंच वाटलं, बाई,’ त्या म्हणाल्या, आणि भटजीला बोलवायला त्यांनी मुलीला पाठवलं.