फ्यूज आप्पांच्या खिशात

मी एका लहान बोटीवरचा फिशफाइंडर बोलतोय. जे सांगणार आहे ते मला नीट आठवतं का, याची मलाच शंका आहे. आधी माझा फ्यूज निघाला की आधी सुदर्शनने पाण्यात उडी घेतली, हा क्रम मी मनात इतक्या वेळा उलटसुलट केला आहे, की आता दोन्ही खरे वाटतात. आणि सगळं त्या क्रमावरच अवलंबून आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

माझे दोन भाग. एक पडदा, बोटीत बसवलेला. दुसरा मुठीएवढा गोळा, बोटीच्या बुडाशी पाण्यात. गोळा खाली आवाज सोडतो, तो तळाला, माशाला, बुडबुड्यांना आपटून परत येतो आणि मी त्याचं चित्र काढतो. शिकलेली माणसं याला सोनार म्हणतात. आमच्या निमोणे गावात मला मासं दावणारं मशीन म्हणत.

मला आणलं रविराजने. तो रांजणगावला कारखान्यात इंजिनिअर. रविवारी घोड धरणाच्या फुगवट्यात गळ टाकून बसणं, एवढाच त्याचा शौक. मासा दिसला की तो मला शाबासकी द्यायचा, दिसला नाही की बोटाने टकटक करायचा. पाण्यापेक्षा माणसं पडद्याकडेच जास्त बघतात, हे मी तेव्हा शिकलो.

एका रविवारी त्याचे वडील मारुतराव बोटीत आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. धरण झालं तेव्हा त्यांची जमीन या पाण्याखाली गेली होती. एका जागी मी तळ दाखवत होतो आणि अचानक खोली वाढली, पुन्हा कमी झाली. आप्पांनी काठावरची टेकडी पाहिली, पलीकडचं देऊळ पाहिलं आणि म्हणाले, "हितंच आमची हीर हाय." विहिरीच्या मोटेचं पाणी जिथं पडायचं ते दगडी थारोळं त्यांच्या वडिलांनी बांधलं होतं. ते अजून आहे का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

मी तो खळगा दाखवला नसता तर बरं झालं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

सुदर्शन हा रविराजचा मित्र, दौंडकडचा, खुटबावचा. मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून आलेला. नोकरी सोडून पाण्याखालीच काम करायचं, अशी त्याची जुळवाजुळव चालली होती. थारोळं बघायला तो हवेची टाकी घेऊन आनंदाने आला.

तो उतरायच्या तयारीत असताना आप्पांनी मला बंद करायला सांगितलं. विहिरीत माणूस मोटर काढायला उतरला की वरचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत. कुणी चुकून बटण दाबायला नको.

"आप्पा, ते मासं शोधतंय, मला न्हाई," सुदर्शन हसत म्हणाला.

रविराजने समजावलं, की मशीनचा आवाज माणसाला ऐकू येत नाही.

"ऐकू येत न्हाई म्हंजी लागत न्हाई, असं हाय का?" आप्पांनी विचारलं.

नक्की रविराजलाही ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं ठाऊक होतं? आप्पांनी माझा फ्यूज ओढून बंडीच्या खिशात घातला. त्याच सुमारास पाणी उडालं. मला खालचं दिसेनासं झालं.

मग वारा सुटला. बोट बुडालेल्या बाभळींच्या खोडांकडे सरकू लागली. ती जागेवर राहावी म्हणून रविराजने इंजिन चालू करून हलका गिअर टाकला. फ्यूज खिशात आहे, माणूस सुरक्षित आहे, असा दोघांनाही विश्वास होता. इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरत होता, त्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. बुडबुडे लाटांत हरवले होते. सुदर्शन वर आला तो बोटीच्या मागच्या बाजूलाच.

त्याला आत ओढलं तेव्हा पंख्याने चिरलेला उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा पडला होता. आप्पा डोक्याचा पटका सोडून बांधत होते. शुद्ध जायच्या आधी तो म्हणाला, "थारोळं हाय, आप्पा. शाबूत हाय."

हात वाचला, पण दोन बोटं मिटेनाशी झाली आणि मूठ गेली. पाण्याखालचं काम राहूनच गेलं. त्याने दवाखान्यात सांगितलं, की खाली डोकं गरगरलं, बोट कुठं आहे तेच कळेना. आप्पांनी ते धरून ठेवलं. आपण फ्यूज उशिरा काढला, मशीनच्या आवाजानं पोराचं डोकं फिरलं, असं ते सांगत राहिले. मला कांदाचाळीत टांगलं. तिथं मीही तेच मानू लागलो.

कितीतरी वर्षांनी सुदर्शनची धाकटी बहीण गौतमी आली. ती आता डायव्हिंग शिकवते. माझ्या आवाजाने खरंच काही होतं का, ते पाहायला तिने मला मागितलं. फ्यूज आप्पांनीच आणून दिला. बंडी बदलली की आप्पा तो नव्या खिशात घालत, असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं.

बोट काठाला दोरांनी बांधली. सुदर्शन बोटीत बसला, आप्पा काठावर. आधी इंजिन बंद, फक्त मी चालू. गौतमी माझ्या खाली बराच वेळ थांबली. तिचे बुडबुडे माझ्या पडद्यावर सरळ उभ्या माळेसारखे चढत होते. आप्पा बोटीपाशी येऊन वाकून बघत होते.

"हे तवा दिसलं असतं?" त्यांनी विचारलं.

मला ठाम सांगता येणार नाही. कदाचित त्या दिवशी पडद्याकडे कुणी पाहिलंही नसतं.

गौतमी वर आली. माझा काहीच आवाज आला नाही, काही जाणवलंही नाही, म्हणाली. मग ती दूर जाऊन पुन्हा उतरली आणि रविराजने गिअर न टाकता नुसतं इंजिन चालू केलं.

आता मी पुन्हा कांदाचाळीतच आहे, पण फ्यूज माझ्या जागी आहे. माणूस खाली असेल तर मला खुशाल चालू ठेवा आणि आधी इंजिन बंद करा, एवढीच विनंती. कारण दुसऱ्यांदा वर आल्यावर गौतमीने भावाला सांगितलं ते असं: पाण्याखाली इंजिनाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण चारी बाजूंनी सारखाच येतो. बोट कुठं आहे ते त्यावरून कुणालाच कळत नाही.