दाराजवळची चकाकी

चौक गावाला हायवेच्या कडेला मुनाफचं गॅरेज होतं. ठोकपीट आणि रंगकाम. बाजूच्याच खोलीत तो आणि त्याची बायको हमिदा राहत. एशियाडच्या वर्षी, दिवाळी सरता सरता, जीपमागे एक पांढरं फिरतं घर ओढत त्रिलोकेकर साहेब आले. मुंबईचे, इंजिनिअर, नुकतेच निवृत्त झालेले. माझगावला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी ही कॅरॅव्हॅन खास घडवून घेतली होती. आत दोन माणसांपुरती खोली, बाहेरून सगळं फायबर.

मुनाफनं कॅरॅव्हॅनच्या अंगावर हात फिरवला, तर तळवा पिठात घातल्यासारखा पांढरा झाला.

"उन्हानं खाल्लंय, साहेब. रंग नाय मारायचा याला. घासून आतली चमक वर काढायला लागंल."

"काढ," साहेब म्हणाले. "पहिल्यासारखी काढ. फक्त दार उघडू नकोस."

किल्ली खिशात घालून ते निघून गेले.

मुनाफनं आधी साबणाच्या पाण्यानं सगळं धुतलं. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासायला घेतलं. फायबरवरचा थर पातळ असतो. जोर दिला की खालचे धागे उघडे पडतात. मग रबिंग कंपाउंड लावून लोकरीचा बोळा तो गोल गोल फिरवत राहिला. दाराजवळचा तुकडा आधी उजळला. त्यात आंब्याचं झाड दिसलं, हायवेवरून जाणारा ट्रक दिसला, त्याचा स्वतःचा घामट चेहरा दिसला. आणि त्याच्या खांद्यामागं एक बाई उभी दिसली. पिवळी साडी, एका हातानं पदर धरलेला, एसटीची वाट बघत उभं राहावं तशी.

त्यानं मागं वळून पाहिलं. अंगणात कोंबड्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं.

परत पुढं पाहिलं, तर बाई तिथंच.

त्यानं हमिदाला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून पाहिलं.

"मी दिसते. आनखी कोन?"

"माज्या मागं बघ गं."

"झाड हाय. कंपाउंडचा वास चढलाय तुमाला. चला, भाकरी खावा."

 दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम मागची बाजू घेतली. तिकडं ती नव्हती. चाकाजवळ नाही, खिडकीखाली नाही. दुपारी धीर करून दाराजवळ आला, तर ती होती, कालच्यापेक्षा एक पाऊल पुढं. तिची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती दाराच्या कडीकडं बघत होती.

साहेब बघायला आले तेव्हा मुनाफनं फडकं खाली ठेवलं.

"साहेब, रागावू नका. तुमच्या घरात पिवळी साडी नेसनारं कोन हाय?"

साहेब हत्यारांच्या पेटीवर बसले.

"मंदा," ते म्हणाले. "माझी बायको. गेल्या आषाढात गेली. ही कॅरॅव्हॅन तीच पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. तुला दिसली?"

मुनाफनं मान डोलावली. साहेब उठले, चकाकीपाशी तोंड नेलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. श्वासाची वाफ धरली ती बाहीनं पुसली.

"मला का दिसत नाही रे?" ते म्हणाले. "कशी आहे? रागावलीय?"

"रागावलेली नाय. दाराकडं बघते. आत जायचंय जनू."

साहेबांनी कडीवर हात ठेवला. मग म्हणाले, "शेवटी आम्ही ही घेऊन कर्जतच्या पुढं कळंबला नदीकाठी होतो. तिथून तिला हॉस्पिटलात हलवलं. रोज विचारायची, आपल्या खोलीत कधी जायचं? ती गेली आणि मी कुलूप लावलं. उघडायची हिंमतच झाली नाही."

त्यांनी किल्ली काढली, पण कुलपापाशी नेऊन तशीच धरून ठेवली. घराच्या उंबऱ्यावरून हमिदा हे सगळं ऐकत होती. ती पुढं आली, त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि दार उघडलं.

आत कोंदट हवा आणि चंदनाच्या साबणाचा वास. अंथरूण घातलेलं, उशीवर चष्मा. हमिदानं खिडक्या उघडल्या, केर काढला, चादर झटकून परत घातली. चष्म्याला तिनं हात लावला नाही. मग बाहेर येऊन दारातून बाजूला सरली, पाहुण्याला वाट द्यावी तशी.

"या, बाई," ती हळूच म्हणाली.

मुनाफ चकाकीत बघत होता. पिवळी साडी हलली. बाईनं पदर सावरला, त्याच्या खांद्याजवळून पुढं आली आणि चकाकीच्या कडेपलीकडं गेली. त्याच क्षणी कॅरॅव्हॅन एका बाजूला किंचित खाली दबली. कुणी पायरीवर पाय दिला की स्प्रिंगवर दबते तशी. मग सरळ झाली.

ते मात्र साहेबांना दिसलं. त्यांनी दाराच्या चौकटीला कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखे रडले.

मुनाफनं वॅक्स लावून काम पुरं केलं. साहेब मुंबईला परतलेच नाहीत. कळंबला ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर त्यांनी कॅरॅव्हॅन उभी केली आणि तिथंच राहू लागले. दर वर्षी पावसाळा संपला की मुनाफ कर्जतवरून तिकडं जाई, शेवाळ धुई, वॅक्सचा हात देई. साहेब मजेत असत. आत बसून कुणाशी तरी बोलत, बाहेर येऊन चहा देत. ती चकाकीत पुन्हा कधी दिसली नाही.

पण मुनाफला त्यानंतर चकाकीची धास्तीच बसली. फायबरचं काम त्यानं दुसरं घेतलं नाही. पत्र्याची गाडी आली तरी गिऱ्हाइकाला ती भिंतीलगत लावायला सांगे, आणि भिंत नि गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत शिरून घासत बसे. हमिदा हसायची. तो म्हणायचा, "असू दे. इथं पाठीमागं कुनाला उभं ऱ्हायला जागा नाय."