दोन्ही हातांना सापडेल असा

“पोटात दगड गिळलाय का काय, राव?”

कंपनीच्या गेटवर झडती घेता घेता मन्सूर वॉचमनचा हात ज्योतीरामच्या पट्ट्यापाशी थबकला. बेंबीच्या जरा खाली, पँटच्या आतल्या अंगाला, काहीतरी आडवं टणक लागत होतं.

“चाकू हाय,” ज्योतीराम म्हणाला. “घडीचा.”

“चाकू? अन् तो हितं? मग शिंप्यानं खिसे कशाला ठेवलेत?”

मागची रांग हसली. ज्योतीराम हसला नाही. साल पासष्ट. पिंपरीच्या त्या कारखान्यातला त्याचा हा तिसरा दिवस होता, आणि अंगावरची खाकी पँट ही जन्मातली पहिली.

त्याच्या कुरुळी गावात चाकू बाळगायच्या तऱ्हा माणसागणिक निराळ्या. तात्याबा मुंडाशात खोचायचा. पण ते मुंडासं असं लांबलचक, की चाकू हाताला लागेपर्यंत त्याचं एक टोक देवळाच्या पारावर आणि दुसरं ओढ्यात भिजत असायचं. धोंडीबाचा चाकू चंचीत, पानतंबाखूच्या शेजारी. त्या पात्याला म्हणे अशी चटक लागली होती, की त्यानं कांदा कापला तरी विडा खाल्ल्यासारखा लाल निघायचा. कुणी करदोट्याला बांधून पाठीमागं सोडायचा, आणि विसरून बसला की शेजारच्या गावाला ऐकू जाईल असा ओरडायचा.

ज्योतीरामच्या बापाची जागा मात्र ठरलेली होती. पोटावर, मधोमध, आडवा. ती जागा ठरायला एक बैल गेला होता.

विहिरीच्या काठावरून बैल घसरला आणि दाव्याचा फास त्याच्या मानेला बसला. दावं कापायला चाकू हवा, आणि चाकू घरी फळीवर. बाप धावत जाऊन येईपर्यंत बैलाचे डोळे पांढरे झाले होते. त्यानंतर बापानं चाकणच्या बाजारात रहिमान शिकलगाराकडून नवा चाकू करून घेतला, झिजलेल्या कानशीचं पातं आणि बाभळीची मूठ, आणि मरेपर्यंत तो अंगावेगळा केला नाही. “उजवा हात अडाकला तर डाव्याला गावला पायजे,” तो म्हणायचा, “डावा अडाकला तर उजव्याला. वाकलं, बसलं, निजलं, तरी टोचला न्हाई पायजे. अन् फळीवर ऱ्हायला तर त्यो चाकू न्हवं, नुसतं लोखंड.”

धोतरात हे सोपं होतं. पँटनं घोटाळा केला. बाजूच्या खिशात ठेवला तर सायकलच्या दर पायडलाला मांडी सोलायचा. मागच्या खिशात ठेवला तर बसू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी अस्तर फाडून तो पँटच्या पायातून थेट बुटात उतरला. तेव्हा बायकोनं, कुशाबाईनं, जुन्या गादीच्या कापडाचा एक आडवा चोरखिसा पट्ट्याच्या आत शिवून दिला.

“आत न्यायचा नियम नाय,” मन्सूरनं हात पुढं केला. “संध्याकाळी घेऊन जा. दे.”

ज्योतीरामनं चाकू काढला आणि केबिनच्या दारातल्या स्टुलावर ठेवला.

“दे म्हटलं तर खाली ठेवतो? माझा हात काय विंचू हाय?”

“हातातनं हातात दिला की भांडान हुतं, भाऊ. आता उचला.”

मन्सूरनं हसत चाकू उचलला आणि केबिनमधल्या पत्र्याच्या डब्यात टाकला.

पुढं नऊ वर्षं असंच चाललं. सकाळी एकानं स्टुलावर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा, संध्याकाळी उलट. ईदेला ज्योतीरामच्या रिकाम्या डब्यातून शीरखुर्मा कुरुळीला जायचा, पेरूच्या दिवसांत कुरुळीचे पेरू केबिनमध्ये यायचे. ज्योतीरामच्या ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. कामावर असताना ज्योतीरामचा हात सारखा पट्ट्यावरून फिरायचा. जेवणाच्या सुट्टीत मन्सूर विचारायचा, “काय राव, पोट दुखतंय का चाकूची आठवण येतीय?”

चौऱ्याहत्तर साली एका सकाळी मोशीपाशी सायकल पंक्चर झाली. ज्योतीराम गेटावर पोचला तेव्हा भोंगा वाजत होता. त्यानं पळता पळता चाकू काढला, मन्सूरच्या तळहातावर टेकवला आणि आत धावला.

“अरे, स्टूल!” मन्सूर मागून ओरडला.

पण तो गेला होता.

अकराच्या सुमाराला शेजारच्या मशीनवर दादूची बाही फिरत्या पट्ट्यात अडकली. दादू निघोज्याचा, रोज याच्याबरोबर सायकलीनं येणारा. स्विच शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. कुणीतरी तिकडं पळालं. ज्योतीराम दादूच्या अंगाला अंग लावून उभा होता. त्याचे दोन्ही हात एकदमच कमरेशी गेले, चोरखिशात शिरले, आणि तिथं त्यांना फक्त एकमेकांची बोटं सापडली.

दादू वाचला. हात कोपरापासून गेला.

संध्याकाळी ज्योतीराम केबिनसमोर उभा राहिला. “चार बोटं कापाड हुतं! तेवडं कापलं आसतं तर हात ऱ्हायला आसता त्याचा. आन् चाकू तुज्या डब्यात!”

“मग मी काय करायचं? नियम माझ्या बापानं केलाय?”

“तू वॉचमन हायस का दगूड? आत आनू दिला आसतास तर कुनाला कळलं आसतं?”

“अन् हातात कुणी दिला?” मन्सूरचाही आवाज चढला. “ओरडलो नव्हतो मी, स्टूल म्हणून?”

मन्सूरला बोललेला शब्द माघारी घ्यावासा वाटला, पण तो काही चाकू नव्हता, घडी करून ठेवायला. त्यानं डबा उघडला आणि चाकू स्टुलावर ठेवला. ज्योतीरामनं उचलला.

त्यानंतर सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण स्टूल कुणी हलवलं नाही. रोज सकाळी चाकू त्यावर यायचा, रोज संध्याकाळी जायचा. मन्सूर गुपचूप बिजागरीत सायकलच्या तेलाचा थेंब सोडायचा. ज्योतीराम घरी जाताना पातं उघडून बघायचा. ते आवाज न करता उघडायचं.

एक्क्याऐंशीच्या माघात, ऐन दुपारी, ज्योतीराम मशीनपाशी खाली बसला तो उठलाच नाही. कंपनीची गाडी भरधाव गेटाबाहेर पडली. इस्पितळ येण्याआधीच सगळं संपलं. चाकू डब्यातच होता.

चौथ्या दिवशी मन्सूर सायकल काढून कुरुळीला निघाला. चाकू आधी सदऱ्याच्या खिशात ठेवला. वाकलं की तो हँडलवर आपटायचा. बाजूच्या खिशात घातला, तर भोसरीपर्यंत मांडी सोलून निघाली. मागच्या खिशात घातला, तर मोशीपर्यंत उभ्यानं सायकल मारावी लागली. इंद्रायणीच्या पुलावर तो उतरला. मागंपुढं कुणी नाही असं बघून त्यानं पट्टा सैल केला आणि चाकू पोटावर, मधोमध, आडवा सरकवला.

मग तो टोचला नाही. इतका, की आहे ना हे बघायला मन्सूरनं वाटेत दोनदा हात लावला. एकदा उजवा, एकदा डावा.

कुशाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. त्याला बघून शेजारणी आत सरकल्या.

“मन्सूरभाऊ ना तुमी?”

“कसं ओळखलंत, वहिनी?”

“हात पट्ट्यावर गेला न्हवं. ह्यांचा बी आसाच जायचा.”

मन्सूरनं चाकू काढला. आसपास स्टूल नव्हतं. त्यानं तो सारवलेल्या जमिनीवर ठेवला आणि मागं सरला. कुशाबाईनं उचलला नाही.

“रोज सांगायचे मला,” ती म्हणाली, “आज मन्सूरभाऊनं त्याल घातलंय. आज न्हाई घातलं, रजेवर आसंल. ताप आला का काय, म्हनायचे.”

“एकदा विचारायचं की मला,” मन्सूर म्हणाला.

“तुमी तरी कुटं बोललात?” तिनं तळहात पुढं केला. “हातात द्या, भाऊ. आता भांडायला कोन ऱ्हायलंय?”

त्यानं वाकून चाकू उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. ठेवून झाल्यावरही त्याची बोटं जरा वेळ मुठीवरच राहिली.

भिंतीवर फळी होती. तिकडं तिनं बघितलंही नाही. लुगड्याच्या कमरेपाशी, मधोमध, तिनं चाकू आडवा खोचला. मग पाहुण्याला पाणी द्यायला ती उठली, माठाशी वाकली, तांब्या भरून पुन्हा सरळ झाली. चाकू कुठं टोचला नाही.