मागचा जोड

मिस्त्रींनी गाडीचे धक्के झेलणारा शॉकअप वाइसच्या लोखंडी जबड्यात उभा आवळला आणि रॉकेलचा बोळा त्याच्या अंगावरून फिरवला. आधी धूळ निघाली, मग तिच्याखालचा काळा थर निघाला, आणि वरच्या कडीखाली लोखंडी पंचाच्या टोकाने ठोकलेले तीन ठिपके दिसले. त्यांचा हात तिथेच थांबला. हाताखालून गेलेल्या प्रत्येक शॉकअपवर ते असे तीन ठिपके ठोकत. याची जबाबदारी माझी, एवढाच त्याचा अर्थ.

"तुमचेच ना काका?" बाईंनी विचारलं.

"आमचेच," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. बाई कोण हे त्यांनी ती दारात उभी राहिल्याबरोबर ओळखलं होतं. नाक अगदी भावाचं. अकरा वर्षांपूर्वी तिचा भाऊ, नुकताच डॉक्टर झालेला, याच दारातून किल्ली फिरवत बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला घेऊन घाट चढत होता, आणि नवव्या वळणावर गाडी कठडा तोडून खाली गेली. दोघंही गेले.

बाकावर मागच्या चाकांच्या शॉकअपचे दोन जोड होते. एक कोरा, खोक्यातला, अजून मेणकागदात गुंडाळलेला. दुसरा बाईंनी गोणपाटातून आणलेला. बाहेर भिंतीच्या सावलीत त्यांची दुधी रंगाची जुनी गाडी उभी होती. भावाची होती त्याच बनावटीची, त्याच साली बाहेर पडलेली. मागच्या सीटवर बाईंचे वडील बसले होते. आल्यापासून ते उतरले नव्हते.

"नवे बसवा, ताई," मिस्त्री म्हणाले. "थोडे कडक आहेत, पण घाटाला कडकच बरे. वळणावर गाडी झोपत नाही."

"मला हे बसवायचेत." बाईंनी गोणपाटावर हात ठेवला. "दादाच्या गाडीतलं एवढंच घरी आलं. बाकीचं भंगारात गेलं. बाबांना माहीत नाही. रविवारी मामांना बघायला वर जायचंय, मामा अंथरुणाला खिळलेत. अकरा वर्षांनी बाबा घाटात यायला तयार झालेत. वाटलं, दादा निदान खालून तरी बरोबर येईल."

पडद्यापलीकडे मिस्त्रीण सीटची कव्हरं शिवत होती. तिथून आवाज आला, "हात धुऊन मगच गाडीला हात लावा हो. तुमच्या बोटांचे ठसे मी पुसत बसणार नाही."

बाई हसल्या. मिस्त्रींना हसू आलं नाही.

"अकरा वर्षांचा माल आहे, ताई. आता त्याचा काय भरवसा?"

"असं काय करता काका? एकच दिवस तर वापरलेत. तुम्हीच इन्स्पेक्टरला सांगितलं होतं ना, कालच नवे करून दिले, गाडी ठणठणीत होती म्हणून? मी तिथेच उभी होते."

ती खरंच तिथे उभी होती. भिंतीला टेकून, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मिस्त्रींना ती चप्पल आठवत होती. आणि पुढचं वाक्यही आठवत होतं, जे इन्स्पेक्टरने विचारलंसुद्धा नव्हतं, तरी ते आपणहून बोलून गेले होते. चालवणारा भरधाव असला तर मिस्त्री काय करणार, साहेब?

त्यांनी वाइसमधल्या डाव्या शॉकअपचा रॉड वर ओढला आणि सोडला. तो कसलाही विरोध न करता खाली गेला आणि तळाला टक् करून आपटला. दुसरा लावला. तो मात्र सावकाश, मोठ्या मिजाशीत खाली उतरला.

बाई वाकून बघत होत्या. "डावा असा का?"

सांगायचं तर आत्ताच, असं त्यांना वाटलं, आणि वाटता वाटता ती वेळ निघूनही गेली, कारण बाईच म्हणाल्या, "तेल गळलं असेल. माळ्यावर आडवा पडून होता ना इतकी वर्षं. तेल बदललं की झालं, नाही का?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "तेवढंच असेल."

बाई वडिलांना पाणी द्यायला बाहेर गेल्या. मिस्त्रींनी डाव्याचं तोंड खोललं आणि टोच्याने आतलं, तेल धरून ठेवणारं सील उचकटून बाहेर काढलं. तळहातावर मावेल एवढी ती काळी रबराची चकती. तिच्यावरचा कंपनीचा छाप वर असायला हवा, तो खाली होता. त्या शनिवारी दुकानात एकच नवं सील होतं. ते उजव्याला गेलं. डाव्याला जुनंच सील उलटं करून बसवलं, झिजलेली बाजू आत, कोरी बाजू वर. या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणी कुणाला सांगत नाही. नवं मंगळवारी येणार होतं. डॉक्टरला घाई होती. मिस्त्री मनाशी म्हणाले होते, आठ दिवस सहज काढेल. आणि पंच उचलून त्यांनी तीन ठिपके ठोकले होते.

शिलाईचं मशीन थांबलं होतं. मिस्त्रीण पडदा धरून उभी होती. तिने नवऱ्याच्या हातातली चकती पाहिली, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तेव्हाच म्हटलं होतं मी, मंगळवारपर्यंत थांबा," ती हळूच म्हणाली.

"आता नवं घालतो. चांगला होईल. कुणाला काही..."

"घाला की. वरच्या फळीवर आहेत, चांगली डझनभर." ती आत गेली. मशीन मात्र सुरू झालं नाही.

मिस्त्रींनी नवं सील बसवलं, छाप वर करून. ताजं तेल भरलं. रॉड ओढून सोडला, तर डावा उजव्यासारखाच डौलात खाली आला. इतकं सोपं काम होतं. अर्धा तास. त्यांना स्वतःची किळस आली, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं.

बाई परत आल्या. त्यांनी स्वतः रॉड ओढून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघा, दादाचे आहेत. उगाच नवे घ्यायला सांगत होतात तुम्ही." त्यांनी पदराने नाक पुसलं. "काका, एक काम करा. बाबांना तुमच्या तोंडून एकदा सांगा, गाडी ठणठणीत करून देतो म्हणून. त्याशिवाय ते उतरायचे नाहीत. तुमच्यावर त्यांचा फार विश्वास आहे."

मिस्त्री बाहेर आले. बाकावर पडलेलं जुनं सील त्यांनी निघताना नकळत डाव्या मुठीत घेतलं होतं. ऊन पांढरं पडलं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हाताऱ्यांनी काच खाली केली.

"मिस्त्री, तुम्हाला एकदा भेटायचं होतं," ते म्हणाले. "तेव्हा घरातले सगळे पोराला पाठीशी घालत होते. वळणच वाईट, रस्ताच ओला, नशीबच खोटं. खरं बोलणारे तुम्ही एकटे."

मिस्त्रींनी डावी मूठ पाठीमागे नेली.

"घरात हिच्या आईचा फोटो आहे. त्याचा लावू दिला नाही मी. आईला मारणाऱ्याचा फोटो कसला लावायचा?" त्यांचा आवाज शांत होता, रोजचं काही सांगावं तसा. "तुम्ही सांगितलं नसतंत, तर आयुष्यभर त्याच्यासाठी रडत बसलो असतो."

"बाबा, आता नको ना," बाई म्हणाल्या.

"बरं. बोला मिस्त्री. गाडी ठणठणीत होईल ना?"

दुकानाच्या दारात मिस्त्रीण येऊन उभी राहिली होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डावा हात खिडकीतून आत घातला आणि म्हाताऱ्यांच्या समोर मूठ उघडली.

म्हाताऱ्यांनी ती काळी चकती उचलली, डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट करून पाहिली.

"हे कशातलं?" त्यांनी विचारलं.